राखणदाराचा वाटा

लेकीने पाठवलेल्या माहितीपत्रकात बारा पानं होती आणि बाराही पानांवर पाऊस पडत होता. केरळातलं कुठलंसं वर्षावन. झाडावर बांधलेली खोली, खोलीला काचेचं छप्पर, छपरावर पाऊस आणि आत पलंगावर टॉवेल दुमडून केलेले दोन हंस. "लग्नाला तेहतीस वर्षं झाली, आता तरी जा की कुठेतरी दोघं," असं तिने बंगळूरहून फोन करून फर्मावलं होतं. नवऱ्याने चष्मा चढवला, बाराही पानं शांतपणे बघितली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"ते काय आहे?"

आमच्या बोरिवलीच्या घराची मागची खिडकी नॅशनल पार्काच्या बाजूला उघडते. श्रावण चालू होता. समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या संपल्या की जे सुरू होतं ते थेट डोंगराच्या माथ्यापर्यंत हिरवं.

"जंगल," मी म्हटलं.

"आणि त्याच्यावर पडतोय तो?"

"पाऊस."

"झालं तर मग! पाऊस अधिक जंगल. वर्षावन वर्षावन म्हणतात ते आणखी काय असतं? घरबसल्या दिसतंय. त्यासाठी केरळात कशाला मरायला जायचं?"

'मरायला' हा शब्द तोंडातून गेला आणि त्याने माहितीपत्रक मिटून बाजूला ठेवलं. एप्रिलमध्ये त्याची अँजिओप्लास्टी झाली होती. दोन स्टेंट. पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, आता काही झालेलं नाही, चाला, फिरा, जिने चढा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून तेच म्हणाले, या वेळी जरा वैतागून. पण हा गृहस्थ खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला तो बसलाच. पहिल्या मजल्यावर कुणाकडे जायचं तरी लिफ्ट. भाजी आणायला मी. बँकेत मी. सोसायटीच्या गेटबाहेर त्याने चार महिन्यांत पाऊल टाकलं ते फक्त डॉक्टरकडे जायला, तेही रिक्षा अगदी पायऱ्यांना टेकवून.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याने शिव्या सोडल्या. हे नीट सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल सुधारला. माझा नवरा मालवणी. सासरे गिरणीत होते, नंतर दहिसरच्या चाळीत राहायला आले आणि त्या घरात शिव्या म्हणजे आमटीतल्या मिठासारख्या होत्या, दिसायच्या नाहीत पण नसल्या की कळायचं. मी मुलुंडची. आमच्याकडे 'मूर्ख' म्हटलं तरी आई कान पकडायला लावायची. एकाच कचेरीत कामाला होतो म्हणून गाठ पडली, नाहीतर या जन्मी शक्य नव्हतं. लग्नानंतर वर्षभरात मी त्या शिव्यांना अशी सरावले की त्याने सकाळी उठून वर्तमानपत्राला, नळाला, क्रिकेटच्या टीमला आणि शेवटी देवाला अशा क्रमाने चार ऐकवल्या नाहीत तर मला चहा गोड लागायचा नाही. आता विकेट पडली तरी म्हणायचा, "असू दे. राग नको. बीपी वाढतं." एकदा आमच्या वॉचमननेच मला गाठून हळू आवाजात विचारलं, "काकी, काका बरे आहेत ना? आवाज येत नाही."

मी सगळ्यांना सांगत असे की मी मुळीच घाबरलेली नाही, घाबरलाय तो. मला एवढंच हवं होतं की त्याने उठावं. चालावं, चढावं, ओरडावं, आधीसारखा माझं डोकं खावं. म्हणून त्या दिवशी त्याच्या तोंडून खिडकीतल्या जंगलाचं ते वाक्य निघाल्याबरोबर मी ते घट्ट पकडलं.

"ठरलं तर," मी म्हटलं. "केरळ रद्द. वर्षावन तेच. उद्या सकाळी आठ वाजता सहल निघेल."

"कुठे?"

"तू बोट दाखवलंस तिथे."

स्वतःच खणलेल्या खड्ड्यात माणूस असा व्यवस्थित उतरलेला मी क्वचितच पाहिला आहे.

सकाळी तो तयार झाला तो दिवाळीला निघाल्यासारखा नाही, सोनोग्राफीला निघाल्यासारखा. मी पहाटे उठून तांदळाची घावणं केली होती. घावणं म्हणजे आंबोळीची नाजूक बहीण, सासूबाईंनी शिकवलेली. बरोबर हिरव्या मिरचीची खोबऱ्याची चटणी, चार केळी. त्याच्या गोळ्यांचा लाल बटवा मी भरला. सकाळची, दुपारची, पित्ताची, आणि वेळ आलीच तर जिभेखाली ठेवायची ती. त्याच्या शर्टाच्या खिशात मी माझा कागद घातला. त्यावर मी मोठ्या अक्षरांत त्याचा रक्तगट, औषधांची नावं, डॉक्टरांचा आणि माझा नंबर लिहिला होता, वर मथळा 'शुद्धीत नसल्यास' आणि पावसाने भिजू नये म्हणून तो लॅमिनेट केला होता.

"एवढी तयारी करून तू मला फिरायला नेतेस की पोचवायला?" त्याने विचारलं.

"बडबड नको. सहलीत शिस्त हवी."

पार्काच्या गेटपाशी रिक्षातून उतरल्यावर मी सहल कंपनीच्या बाईसारखी छत्री वर धरून पुढे चालले. पहिला कार्यक्रम वाघ. वाघ बघायला जाळी लावलेल्या बसमध्ये बसायचं असतं, म्हणजे माणसं पिंजऱ्यात आणि वाघ मोकळा, जे मला फार न्याय्य वाटतं. आमच्या पुढच्या बाकावर एक गुजराती कुटुंब होतं, आजीपासून तान्ह्यापर्यंत. गेट बंद होण्याआधीच त्यांनी थेपले काढून आमच्यापर्यंत फिरवले. बस डुलत डुलत आत गेली. गाइड म्हणाला, आवाज करू नका, उजवीकडे बघा. सगळी बस उजवीकडे कलली. झुडपाखाली वाघ पसरला होता. आमच्याकडे त्याची पाठ. शेपटीचं टोक तेवढं एकदा उचललं आणि पुन्हा पडलं.

पाच मिनिटं आम्ही तीस माणसं श्वास रोखून एका पाठीकडे बघत होतो. वाघ हलेना. तेव्हा माझा नवरा माझ्या कानाशी वाकून अगदी गंभीरपणे म्हणाला, "ह्याचीपण अँजिओप्लास्टी झालेली दिसते."

चार महिन्यांतला पहिला विनोद. मला असं हसू फुटलं की आवरेना. मी तोंडावर पदर दाबला, तर नाकातून आवाज आला. गाइडने डोळे वटारले. गुजराती आजींना काय झालं ते कळलं नाही, पण त्याही हसायला लागल्या. वाघाने एक कान आमच्या दिशेला वळवला, एवढंच काय ते वाघाचं दर्शन. बसमधून उतरेपर्यंत माझ्या बरगड्या दुखायला लागल्या होत्या आणि तो माझ्याकडे चोरून बघत गालात हसत होता.

दुसरा कार्यक्रम तळं. पाऊस भुरभुरत होता आणि तळ्याकाठच्या प्रत्येक बाकावर एक उघडी छत्री जमिनीला तिरकी टेकवलेली होती. प्रत्येक छत्रीखालून चार पाय दिसत होते. बोरिवलीत राहणाऱ्याला यात नवल काही नाही. जागा कुठे आहे पोरांना? एक बाक रिकामा मिळाला. आम्ही बसलो. छत्री एकच, म्हणून जवळ सरकलो. बाक ओला आणि उताराचा, म्हणून त्याने घसरू नये यासाठी माझ्या खांद्यावर हात टाकला. वारा समोरून आला म्हणून मी छत्री खाली केली.

मागून जोरात शिट्टी वाजली.

"ओ! छत्री वर करा! इथे फॅमिली येतात, कळत नाही का?"

मी छत्री वर केली. पहारेकऱ्याने आधी माझे पांढरे केस बघितले, मग त्याचं टक्कल. त्याच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. "सॉरी काका. सॉरी काकी. मला वाटलं..."

"सॉरी कशाला?" नवरा उठून त्याच्याशी हात मिळवत म्हणाला. "अरे, तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आमच्यावर संशय घेतला. थँक यू म्हणतो मी तुला."

शेजारच्या छत्रीखालून एक मुलगा आणि एक मुलगी डोकं बाहेर काढून खिदळत होती. मुलीने आम्हाला अंगठा उंचावून शाबासकी दिली. मी लाजले. या वयात, तळ्याकाठी, भर पावसात मी लाजले आणि मला ते फार आवडलं. वाटलं, केरळच्या हंसांनी पाण्यात जावं.

तिथून कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारी छोटी बस पकडली. तीच मुलगा-मुलगी आमच्या मागच्या सीटवर. मुलगी वाकोल्याची होती, तिचे आजोबा तळकोकणातले, हे तिने पाच मिनिटांत सांगून टाकलं. रस्ता जंगलातून वर चढत जातो. दोन्ही बाजूंनी पाणी सुटलं होतं, प्रत्येक दगडाखालून एक ओहोळ. मोऱ्यांवर शेवाळ, उतारांवर तेरडा फुललेला. खिडकीतून हात बाहेर काढला तर पानं हाताला लागत. आणि माझा नवरा, जो चार महिने 'हूं' आणि 'असू दे' एवढंच बोलत होता, तो खिडकीला नाक लावून झाडांची हजेरी घ्यायला लागला.

"तो ऐन. त्याचं खोड बघ, मगरीच्या पाठीसारखं. हा किंजळ. तो कुडा. अगं तिकडे नाही, ह्या बाजूला! कुड्याच्या शेंगांची भाजी आई करायची."

मी मुलुंडची असल्याने मला झाडांच्या दोनच जाती माहीत, आंबा आणि इतर. पण मी प्रत्येक वेळी "हो का!" म्हणत होते. मला झाडांशी काय करायचं होतं? तो बोलत होता. बोलता बोलता अर्धा उठून उभा राहिला होता. मला मनातून नाचावंसं वाटत होतं.

आणि मग लेण्यांच्या पायथ्याशी उतरलो तर समोर पायऱ्या. कातळात खोदलेल्या, ओल्या, वर वर जाणाऱ्या. त्याने एकदा वर बघितलं. जवळच्या कठड्यावर रुमाल अंथरला आणि बसला.

"तू ये बघून. मी इथेच बसतो. फोटो काढ, मी मोबाइलवर बघीन."

सगळं मुसळ केरात. पहाटेपासूनची घावणं, वाघ, छत्री, ऐन, किंजळ, सगळं या एका कठड्यापाशी येऊन संपलं. मला असा राग आला की बोलले असते तर भांडण झालं असतं. "डॉक्टर म्हणाले ना चढा म्हणून?" एवढंच म्हटलं. "डॉक्टरच्या बापाचं काय जातं," असं तो म्हणायला हवा होता. तो म्हणाला, "असू दे. पुढच्या वेळी." मी डबा उघडला. माझ्याकडे भांडणाला दुसरा पर्याय नेहमी जेवणाचाच असतो.

आता इथे जे झालं ते फक्त कोकणातल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. कोकणी माणूस रानात जेवायला बसला की आधी राखणदाराचा वाटा काढतो. राखणदार म्हणजे त्या जागेचा रक्षणकर्ता. तो दिसत नाही, पण असतो. त्याला दिल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. आमच्या डोक्यावर, अगदी हात पोचेल एवढ्या अंतरावर, पाटी होती, 'माकडांना खाऊ घालू नये'.

"वाचलंस का?" मी विचारलं.

"वाचलं. राखणदार माकड आहे का?"

त्याने खाली पडलेलं सागाचं एक पान पुसलं, त्यावर एक घावन ठेवलं, चटणीचा चांगला लिंबाएवढा गोळा, आणि अर्धं केळं. झाडाच्या बुंध्याशी पान ठेवून हात जोडले. "विडी हवी होती," तो पुटपुटला. "राखणदाराला विडी लागते."

"तुझी बंद झाली, तशी त्याचीही झाली असेल."

त्याने माझ्याकडे दुर्लक्ष करून गाऱ्हाणं, म्हणजे राखणदाराला घालायचं साकडं, सुरू केलं. गाऱ्हाणं मनातल्या मनात घालता येत नाही, ते खणखणीत घालावं लागतं.

"बा राखणदारा म्हाराजा! आमी तुझी लेकरां आज तुझ्या रानात इलंव!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. बायकोचं ते कामच.

"काय चुकला-माकला आसात तां पोटात घाल. ह्यो तुझो वाटो गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मागून आणखी दोन आवाज आले. वाकोल्याची मुलगी हात जोडून उभी होती आणि तिने मित्रालाही कोपराने ढोसून हात जोडायला लावले होते.

"आनी इलंव तशी सगळ्यांका सुखरूप घराक पोचय!"

"व्हय म्हाराजा!" असं आम्ही तिघं एकदम ओरडलो आणि झाडावरून एक भलंमोठं, तांबड्या तोंडाचं माकड खाली उतरलं.

ते घाईत नव्हतं. पानापाशी बसलं, आमच्याकडे एक नजर टाकली, केळं गट्ट केलं आणि घावन उचलून खायला लागलं. नवऱ्याचे हात अजून जोडलेलेच. चेहऱ्यावर भक्तिभाव. "बघितलंस?" तो कुजबुजला. "तीस वर्षं वाटा काढतोय. पहिल्यांदा स्वतः इलो."

मग राखणदाराने चटणी खाल्ली.

त्याचं तोंड आधीच लाल होतं, त्यामुळे फरक काय पडला ते सांगता येणार नाही. पण ते जागच्या जागी उडालं. त्याने जीभ बाहेर काढली, हाताने पुसली, इकडेतिकडे बघितलं, आणि काहीतरी गोड मिळेल या आशेने कठड्यावर झेप घेऊन सगळ्यात लाल दिसणारी वस्तू उचलली. डब्याशेजारी ठेवलेला गोळ्यांचा बटवा. पुढच्या क्षणी ते पायऱ्यांवरून वर चाललं होतं.

"जाऊ दे!" मी ओरडले. "अरे जाऊ दे, नवीन घेऊ!"

पण कठड्यावर फक्त रुमाल होता. आणि चार महिन्यांनी तो आवाज आला. सगळ्या कान्हेरीत घुमला.

"तुझ्या आवशीचो घो! खंय जातंस मेल्या! माज्यो गोळ्यो खंय व्हरतंस?"

तो धावत होता. मिटलेली छत्री तलवारीसारखी वर धरून, एकेक नव्हे, कधी दोन दोन पायऱ्या. माकड दहा पायऱ्या वर जाऊन बसलं, बटवा हलवून वाजवला, दाताने फाडायला लागलं. हा पोचला की ते आणखी दहा पायऱ्या वर. "रांडेच्या, तुका बीपी आसा काय? आँ? डॉक्टरान दिल्यान काय तुका? खाल्लंस तर झाडावरसून पडतलंस!" वरून उतरणारी माणसं कडेला झाली. कुणीतरी मोबाइल काढला. वाकोल्याची मुलगी आणि तिचा मित्र "काका, डावीकडून! डावीकडून!" करत मागे धावले. मी हसत होते, टाळ्या वाजवत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. उठला! चढतोय! शिव्या देतोय! मला हवं ते सगळं एका माकडाने पाच सेकंदांत करून दाखवलं होतं.

पायऱ्या जिथे वळतात तिथे तो वळला आणि दिसेनासा झाला. थोडा वेळ आवाज येत राहिला. मग आवाज थांबला.

माझं हसू जागच्या जागी विझलं. जिभेखालची गोळी बटव्यात होती. बटवा माकडाकडे होता. आणि तो धावला होता. मी वर जायला निघाले. म्हणजे, निघायचं ठरवलं. उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि डावा उचलेचना. मी कठडा धरला. मला वर जायचं होतं, आणि वर जाऊन काय बघावं लागेल या भीतीने जायचं नव्हतं. दुपारी तो झोपला की मी रोज खोलीच्या दारात उभी राहायचे, त्याचं बनियन वर-खाली होतंय का बघत. झाली खात्री की स्वयंपाकघरात जायचे, आणि दहा मिनिटांनी पुन्हा दारात. एप्रिलपासून एक दिवस चुकला नव्हता. हे मी लेकीलाही सांगितलं नव्हतं. मी पायरीवर मटकन खाली बसले. मी घाबरले होते. एप्रिलपासून रोज घाबरत होते.

"गावलो बटवो!"

मी वर बघितलं. वळणावर तो उभा होता. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, तोंड लालबुंद, हातात बटव्याची चिंधी. शेजारी ती दोन पोरं धापा टाकत वाकून उभी. "अगं, पित्ताच्या तेवढ्या घेतल्यान त्याने! बाकीच्या सगळ्या फेकून दिल्या, आम्ही वेचल्या! तुझी चटणी बाधली म्हणायची!" आणि तो असा खदखदून हसला, जसा मी त्याला वर्षभरात ऐकला नव्हता. "ये वर! काय दिसतंय इथून!"

मी नुसती मान हलवली. त्याला वाटलं मी नखरे करतेय. दोनदा हाक मारून झाल्यावर तो उतरून आला, आणि जवळ आल्यावर त्याचं हसणं थांबलं.

"काय झालं?"

"पाय उचलत नाहीत."

तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. त्याने माझा हात घेऊन आपल्या छातीवर दाबून धरला. आत दणादण चाललं होतं.

"धावतंय," तो म्हणाला. "मी धावलो, म्हणून धावतंय. बाकी काही नाही."

"मला वाटलं..."

"मला माहीत आहे तुला काय वाटलं. रोज दुपारी तेच वाटतं तुला. दारात येऊन उभी राहतेस ना, तेव्हा मी जागा असतो."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलणार? डॉक्टर म्हणायचा, तुम्हाला काही झालेलं नाही. बरं वाटायचं. मग घरी येऊन तुझं तोंड बघायचो, आणि वाटायचं, डॉक्टर माझ्यापासून काहीतरी लपवतोय आणि हिला सांगितलंय." त्याने माझा हात छातीवरून काढून माझ्या मांडीवर ठेवला. "मग कशाला उठा, म्हणून बसून राहायचो."

मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं, आणि मधेच त्या माकडाचं चटणी खाल्लेलं तोंड आठवून हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्याने मला उचकी लागली. चार महिने मी या माणसाला मनातल्या मनात भित्रा म्हणत होते. त्याला उठवायला वाघ दाखवला, घावणं केली, आणि रोज माझं तोंड दाखवून पुन्हा बसवत होते. मी "सॉरी" म्हणायला गेले तर उचकीच बाहेर पडली.

"पुरे झालं गं," तो उठत म्हणाला. "चल. सहलीत शिस्त नको?" तो दोन पायऱ्या वर जाऊन उभा राहिला. मी हात पुढे केला, त्याने स्वतःचे हात पाठीमागे घेतले. "हात देणार नाही. तुझी तू चढ. आणि माझ्याकडे बघायचं नाही. पायऱ्या बघ, झाडं बघ, पाणी बघ. मी सोडून काहीही बघ."

मी चढायला लागले. तो माझ्या पुढे होता, मान खाली घातली की त्याच्या ओल्या चपला तेवढ्या दिसायच्या. बघायचं नाही हे मी पाळलं, पण कान कुठे माझं ऐकतात? त्याचा श्वास कसा चाललाय, कुठे अडकतोय का, ते मी पायरीपायरीला ऐकत होते. साताठ पायऱ्या झाल्या, दहा झाल्या. मग माझी मलाच अशी धाप लागली की त्या आवाजापुढे त्याचा श्वास ऐकू येईना. मी ऐकायची थांबले, कठड्याला धरून उभी राहिले आणि तोंड उघडून हवा घ्यायला लागले.

"काय गं," तो वरून विचारत होता, "बरी आहेस ना?"